रेफरलचा गट वेगळा, मन मोकळं करायचा वेगळा

धंदा चालवणाऱ्यांच्या एकटेपणावरच्या एका लेखात 'एकटेपणा घालवायला उद्योजकांच्या नेटवर्किंग गटात जा' असा सल्ला होता, तो पटला नाही. हे गट रेफरलसाठी, म्हणजे एकमेकांना ग्राहक सुचवण्यासाठी असतात. तिथे आपले ग्राहक आणि पुरवठादारच बसलेले असतात. या महिन्याचे पगार कसे भागवायचे, हे त्यांच्यासमोर कोण बोलेल? दुसऱ्या दिवशी माल उधारीवर मिळायचा बंद होईल.

मन मोकळं करायला सहा ते आठ जणांचा वेगळा गट हवा. धंदे निरनिराळे, आपसांत देणंघेणं नाही, उलाढाल साधारण सारखी. महिन्यातून एकदा तीन तास, फोन बंद. एकाने अडचण मांडायची, बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ल्यांची घाई झाली की बोलणारा मिटतो. असे गट मोडतात ते बहुधा गैरहजेरीमुळे. म्हणून वर्षात तीन बैठका चुकवल्या तर जागा सोडायची, हे पहिल्याच दिवशी ठरवा.