चुकांचा भाव

माझ्या छंदाची ओळख बायको पाहुण्यांना अशी करून देते : "यांनी जुन्या तबकड्या जमवायला घेतल्यात, आणि त्याही कुणी गात नाही अशा." यातला दुसरा भाग आमच्या घरात जास्त गंभीर मानला जातो. किशोरकुमारच्या एलपी असत्या तर चारचौघांत मिरवता तरी आल्या असत्या. जॅझ लावलं की पाहुणे पाच मिनिटं मान डोलावतात आणि मग हळूच विचारतात, "अजून वाद्यंच लावतायत का?"

ते एक वेळ चालतं. मला घरात तोंड दाखवायला जागा राहत नाही ती या बाजारातल्या भावांमुळे. भांडं असो, साडी असो, नाहीतर जावई. दोष निघाला की भाव उतरतो. जॅझच्या एलपीत दोष निघाला की चढतो.

ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. कोलंबिया कंपनीने १९५९ साली काढलेली. २ मार्चला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं तेव्हा टेपचं मशीन किंचित हळू फिरत होतं. मग तीच टेप नेहमीच्या वेगाने वाजवून तबकडी छापली, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना जरा घाईत आणि जरा चढ्या सुरात आल्या. ही चूक सुधारायला १९९२ साल उजाडलं. आमच्याकडे भजनी मंडळात पेटी चढी लागली तर पहिल्या कडव्यालाच शेजारच्या काकू उठून जातात. तिकडे तेहेतीस वर्षं लोक डोळे मिटून 'वाहवा' करत होते. शिवाय सॅक्सोफोनवाल्या ज्युलियन अ‍ॅडर्लीच्या स्पेलिंगमधला एक 'ई' सुरुवातीच्या कव्हरांवर गळालेला, आणि दुसऱ्या बाजूच्या लेबलवर दोन रचनांची नावं उलटसुलट. आज दुरुस्त केलेली, कोरी करकरीत प्रत कुणालाही मिळते. सूर चढलेली, 'ई' गळालेली, नावं चुकलेली जुनी प्रत हवी असेल तर भविष्यनिर्वाह निधीला हात घालावा लागतो.

हे मी बायकोला मोठ्या हौसेने समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे जितक्या चुका जास्त तितकी वस्तू मौल्यवान?"

"अस्सल," मी म्हटलं.

"मग माझ्या माहेरच्यांनी सौदा चांगलाच केला म्हणायचा."

चूक मिळाली तरी ती खरी आहे का, हे तपासावं लागतं. तबकडीवरचं संगीत संपतं तिथपासून लेबलपर्यंत एक गुळगुळीत पट्टी असते. तिला 'डेड वॅक्स' म्हणतात, आणि आमच्यासारखे लोक गाण्यापेक्षा तीच जास्त वाचतात. ब्लू नोट कंपनीची जुनी एलपी असेल तर तिथे 'आरव्हीजी' ही अक्षरं हवीत, आणि शेजारी कानासारखं दिसणारं एक बारीक चिन्ह हवं. तो कान म्हणजे न्यू जर्सीतल्या प्लास्टिलाइट कारखान्याचं घाईत कोरलेलं 'पी'. कान असेल तर माल १९६६ च्या आधीचा. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात भिंग, तबकडी दोन तळव्यांच्या मध्ये (हात एकूण दोनच, हा भाग ज्याने त्याने सोडवायचा) अशा अवस्थेत मी खिडकीपाशी उभा असतो. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी आमच्याकडे पडदे लावायला सुरुवात केली आहे.

'आरव्हीजी' म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर. हा थोर ध्वनिमुद्रक दिवसा डोळे तपासायचा. खरंच, चष्म्याचा नंबर काढून देणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि १९५९ पर्यंत तो त्याने सोडला नव्हता. त्याची आद्याक्षरं शोधता शोधता माझा नंबर वाढला, याला काव्यगत न्याय म्हणायला हरकत नाही. पण मला त्याचं खरं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' १९५७ साली त्याने हॅकेन्सॅकमध्ये आई-वडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्ड केली. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ड्रम, सगळं लटांबर हॉलमध्ये! इथे मला हॉलमध्ये एक फळी मारायची परवानगी नाही. माझा संग्रह गाद्यांच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमच्या खालच्या कप्प्यात राहतो.

पावसाळ्यात त्या कप्प्याची वेगळीच कथा. मुंबईच्या हवेत बुरशीला गाण्याची आवड आहे. आषाढ लागला की ती खाचाखाचांतून पसरते. डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, गोल गोल पुसणं, उभं करून वाळवणं, हे सगळं मी करत होतोच. पण आईला माझी दया आली. श्रावणात एक दिवस लख्ख ऊन पडलं, मी ऑफिसात होतो, आणि तिने गाद्यांबरोबर पियानोवाल्या डेव्ह ब्रुबेकच्या 'टाइम आउट' या एलपीलाही गच्चीवर ऊन दाखवलं. बुरशी गेली. तबकडीला मात्र कायमची लाट आली. तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा, त्यामुळे दर १.८ सेकंदांनी पॉल डेसमंडचा सॅक्सोफोन उचकी देतो. तिच्यातली 'टेक फाइव्ह' पाच मात्रांची रचना आहे, आमची प्रत सव्वापाचांची. आईचं म्हणणं, "आता घे ना दुप्पट भाव. अशी दुसरीकडे कुठे मिळणार?"

घरात जॅझला पाठिंबा एकट्या बाबांचा, तोही अटींसह. लुई आर्मस्ट्राँग लावला की ते पेपर खाली ठेवतात. "हे आपल्या अण्णांचं," म्हणतात. अण्णा म्हणजे सी. रामचंद्र. त्यांच्या 'अलबेला'त गोव्याच्या हळदोण्याचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट होते, ज्यांना लोक भारताचा आर्मस्ट्राँगच म्हणत, हे मी सांगून पाहिलं; म्हणजे गंगा उलटी वाहिली होती, इकडून तिकडे नव्हे. बाबांना फरक पडत नाही. त्यांच्या मते जॅझ १९५१ साली पुणतांब्याच्या माणसाने सुरू केलं आणि अमेरिकेने उचललं.

या सगळ्याचा कळस चोर बाजारात झाला. मटन स्ट्रीटवर एक चाचा आहेत, त्यांच्याकडे मी बऱ्याच वर्षांपासून जातो. भाव करता करता मी त्यांना चुकांचं सगळं शास्त्र सांगून बसलो होतो. परवा त्यांनी गठ्ठ्यातून ड्यूक एलिंग्टनची 'फार ईस्ट सूट' काढली. १९६३ साली ड्यूक आपला बँड घेऊन भारतात आला होता, त्या दौऱ्यातून स्फुरलेली ही एलपी. दिल्लीतल्या साळुंकीची शीळसुद्धा तिच्यात क्लॅरिनेटवर आहे. माझे हात थरथरले. मी तबकडी बाहेर काढली. लेबलवर गणपतीच्या आरत्या.

"चाचा, कव्हर एलिंग्टन का, अंदर आरती?"

"वही तो," चाचा आवाज खाली आणून म्हणाले. "स्पेलिंग का मिस्टेक तो छोटा होता है. ये पूरा रेकॉर्ड ही मिस्टेक है. पाँच सौ ऊपर लगेगा."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण त्यांच्या तोंडी माझंच शास्त्र होतं. पैसे दिले. आई प्रसन्न आहे; रोज संध्याकाळी आरती लागते, सूरही चढा नाही.

आता एवढंच. मुंबईत कुठेतरी एक कुटुंब असणार, ज्यांच्याकडे आरत्यांच्या कव्हरमध्ये ड्यूक एलिंग्टन बसलाय आणि ऐन गणपतीत ताम्हण हातात घेऊन मंडळी क्लॅरिनेटवरची साळुंकी ऐकत उभी राहिली असतील. त्यांनी कृपया संपर्क साधावा. अदलाबदलीला मी एका पायावर तयार आहे. भाव मात्र चुकांचा लावू नये.