गोव्यासाठी म्हणे ड्रॉ ‘सेट’ केला होता!

२०२५ च्या आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग फुटबॉल) उपांत्य फेरीत एफसी गोवा बेंगळुरूकडून हरला, ते गोवेकरांच्या अजून जिव्हारी लागलेलं आहे, म्हणून तो मेसेजही मरत नाही. परवा फोंड्याच्या भाच्याने पाठवला, वर ‘मामा, हे वाच!’ मेसेजचं म्हणणं असं: ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची सोडत, ‘सेट’ होता; पहिल्या आलेल्या कोलकात्याच्या मोहन बागानला पाचवं जमशेदपूर दिलं, दुसऱ्या आलेल्या एफसी गोवाच्या गळ्यात तिसरं बेंगळुरू मारलं, फायनल मुद्दाम कोलकात्याला नेली आणि गोव्याच्या ४८ गुणांना किंमतच दिली नाही.

अरे, ड्रॉ काढतच नव्हते तर सेट काय करणार? उपांत्य फेरीत पहिला खेळायचा चौथ्या-पाचव्यातल्या बाद फेरीच्या विजेत्याशी, दुसरा तिसऱ्या-सहाव्यातल्या. सहा संघांची ही पद्धत २०२२-२३ मध्ये आली. त्या वर्षी पहिल्या मुंबईला चौथं बेंगळुरू मिळालं, दुसऱ्या हैदराबादला तिसरं एटीके मोहन बागान. पुढच्या वर्षी पहिल्या बागानला चौथं ओडिशा, दुसऱ्या मुंबईला तिसरा गोवा. म्हणजे २०२५ मध्ये नवीन काहीच घडलं नाही. उरलेल्यांतला खालचा संघ पहिल्याला मिळाला, आणि मिळायलाच हवा! सीझनभर राबून पहिलं यायचं ते कशासाठी?

खरी चूक वेगळीच होती. सहाव्याने तिसऱ्याला हरवलं, तर तो सोपा संघ दुसऱ्याला मिळायचा, पहिल्याला नाही. बाद फेरीनंतर क्रमवारीप्रमाणे नव्याने जोड्या लावायला हव्या होत्या. पण त्या वर्षी सहाव्या मुंबईला बेंगळुरूने ५-० असं धुतलं. नव्याने जोड्या लावल्या असत्या तरी गोव्यासमोर बेंगळुरूच.

फायनल तेव्हा वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर व्हायची, विषय संपला. २०२४ लाही ती कोलकात्याच्या सॉल्ट लेकवरच होती आणि मुंबईने बागानला तिथे ३-१ ने हरवलं. गोवा-जमशेदपूर झाली असती तर गोव्याच्या घरच्या मैदानावर, फातोर्ड्यात झाली असती.

४८ गुणांचं मात्र थोडं पटतं. बेंगळुरूचे ३८. दहा गुण जास्त मिळवून पदरात काय, तर बाद फेरीतून सूट आणि परतीचा सामना घरी. हे कमीच होतं. मेक्सिकोच्या लीगमध्ये उपांत्य फेरीत दोन्ही सामन्यांचे एकूण गोल बरोबरीत सुटले तर वरच्या क्रमांकाचा संघ पुढे जातो. आपल्याकडेही तेच हवं होतं. फातोर्ड्यात परतीच्या सामन्यात गोव्याच्या सादिकूच्या गोलनंतर एकूण २-२ झालंच होतं. पण मग इंज्युरी टाइममध्ये बेंगळुरूच्या छेत्रीने हेडरने गोल मारला, आणि त्या गोलवर मेक्सिकोचा नियमही गोव्याला वाचवू शकला नसता. पहिल्या सामन्यात बेंगळुरूत दोन गोल खाल्ले, त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.