मामा, कापूस घरात ठेवू नका

सावनेरच्या मामांनी कापूस विकायचा नाही असं ठरवलंय. कारण काय, तर एक फॉरवर्ड. ‘अमेरिकेशी कापडाची बोलणी थांबवा, परदेशी कापड बंद करा, कापूस क्विंटलला 12 हजारांवर जाईल. याच कापडानं आपली एम्प्रेस मिल खाल्ली. बोलणी म्हणजे शरणागती. अमेरिकेच्या सांगण्यावरून कापसाचं आयात शुल्क माफ केलं.’ खाली तिरंगा. तीन ग्रुपवर आला तोवर गप्प होतो, मामांचा फोन आला तेव्हा राहवलं नाही.

एम्प्रेस मिलचं आधी, कारण तेच जास्त डोक्यात गेलं. जमशेटजी टाटांनी नागपुरात 1877 ला सुरू केलेली ही गिरणी 1986 मध्ये टाटांच्या हातून सुटून राज्याच्या महामंडळाकडे गेली. अरे बाप्पा, 1986 ला नागपुरात परदेशी कापड होतं कुठं? अशा मालाच्या आयातीवर 2001 पर्यंत बंधनं होती. इतवारी बाजारात ‘फॉरेनचं कापड’ म्हणजे कुणी पाहुण्यानं बॅगेतून आणलेलं! दारं बंद होती, तरी गिरणी गेली. आता तिथं मॉल आहे. अमेरिकेतही हेच. दक्षिणेतल्या गिरण्यांना दिलेल्या शब्दापायी राष्ट्राध्यक्ष निक्सननं जपानशी दोन वर्षं ताणलं, ऑक्टोबर 1971 मध्ये जपानकडून निर्यातीवर मर्यादा कबूल करून घेतली. मग 1974 ते 2004 आयातीवर ठरवून दिलेल्या कोट्यांचंच राज्य. त्या गिरण्या तरी बंद पडतच राहिल्या.

शरणागतीचं सोडा, बोलायला बसलं म्हणजे सही झाली असं नसतं.

आता 12 हजार. भाव देते गिरणी, आणि तिचं सूत-कापड खपलं तरच. आपण कापड आणतो त्याहून जास्त विकतो, आणि तयार कपड्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिथं 27 ऑगस्ट 2025 ला आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लागलं होतं. बोलणी तोडून ऑर्डरी वाढतील होय? शिवाय ‘देशी गिरण्या वाचवा’ म्हणजे काय, ते 5 मार्च 2012 ला पाहिलंय. गिरण्यांना कापूस कमी पडू नये म्हणून निर्यातच बंद केली होती. शेतकरी भडकले, कृषिमंत्री शरद पवार विरोधात गेले, आणि आठवडाभरात माघार. त्या धोरणात शेतकरी कुठं होता, मामा?

शुल्कमाफीचं मात्र अर्धं खरं आहे, मानावंच लागतं. 11 टक्के शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून माफ केलं होतं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीत. राग रास्त आहे. पण ती माफी सगळ्याच देशांच्या कापसाला होती, आणि तिच्यासाठी तगादा लावला होता तो आपल्याच गिरणीवाल्यांनी.

लांब धाग्याचा हमीभाव 2025-26 च्या हंगामात 8,110 होता. सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ, 8 टक्के ओलावा धरून भाव देते, ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर घेत नाही. हे सगळं फोनवर सांगितलं, वाट न बघता कापूस विका म्हटलं. मामा ‘बघू’ म्हणाले. मागून मामी ओरडल्या, घरभर कापूस झालाय, अंगाला खाज सुटलीय, गाडी घेऊनच ये.