सॉल्ट स्प्रिंगवरचे आठ दिवस

हातांवरचे ओरखडे अजून गेले नाहीत. काल ड्रेसिंग करताना वॉर्डातल्या एका आजींनी विचारलं, "सिस्टर, मांजर पाळलंय का?" म्हटलं, नाही हो आजी, करवंदं काढायला गेले होते. ब्लॅकबेरी म्हणून सांगितलं असतं तर त्यांना उलगडा झाला नसता, आणि प्रकार तोच आहे. काटेरी जाळी, वरचा पिकलेला घोस हाताला येत नाही म्हणून आत शिरायचं, बाही अडकली की उलटं फिरून सोडवायची, आणि घरी न्यायला घेतलेलं भांडं अर्धं रिकामं ठेवून उभ्या उभ्याच खायचं. जीभ जांभळी झाली की शाळेची सुट्टी आठवते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या समुद्रात सॉल्ट स्प्रिंग नावाचं बेट आहे. ओरखडे तिथलेच. क्षेत्रफळ १८२ चौरस किलोमीटरच्या आसपास, वस्ती साडेअकरा हजारांच्या घरात. पूल नाही. नर्सिंग कॉलेजच्या हॉस्टेलात माझ्या शेजारच्या कॉटवर झोपणारी मैत्रीण तिथल्या हॉस्पिटलात काम करते. इतकी वर्षं "ये ना गं एकदा" चालू होतं. या सप्टेंबरात रजा मंजूर झाली आणि गेले.

व्हँकुव्हर बेटावरच्या स्वार्ट्झ बेच्या धक्क्यावर बस पोचली तेव्हा बोट सुटून गेलेली. पुढची जवळजवळ दोन तासांनी. मी घाबरून फोन केला, तर ही शांतपणे म्हणते, "अगं, येईल की पुढची. बस बाकावर." आजूबाजूला पाहिलं. गाड्यांच्या रांगेतही कुणी वैतागलेलं दिसेना. एक बाई मोजा विणत होत्या, एका जीपमध्ये बाप आणि मुलगा दोघं तोंड उघडं टाकून झोपले होते. बोट ठरलेल्या वेळेलाच येणार आणि पस्तीस मिनिटांत सॉल्ट स्प्रिंगच्या फुलफर्ड बंदराला लावणार, हे एकदा मान्य केलं की माणसाला करण्यासारखं काही उरतच नाही.

पहिले दोन दिवस मी नुसती झोपले. सत्तावीस वर्षं तीन पाळ्यांत काम केलेल्या बाईची झोप कशी असते ते नर्सेसनाच कळेल. पहाटे डोळे उघडायचे, कान बेलकडे लागायचे. मैत्रीण ड्यूटीला निघताना उठवायची नाही. टेबलावर पोहे झाकलेले, शेजारी चिठ्ठी: "दार उघडंच आहे. भटक."

भटकले. तिच्या घराच्या वळणावर एक लाकडी कपाट उभं असतं, आपल्या जुन्या जाळीच्या कपाटाएवढं. आत अंडी, दोडक्याएवढाल्या झुकिनी, एका बरणीत झिनियाची फुलं. शेजारी बिस्किटाचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली. माणूस नाही. भाव पुठ्ठ्यावर लिहिलेला, तितके पैसे डब्यात टाकायचे आणि वस्तू न्यायची. अशी कपाटं बेटावर जागोजागी आहेत. माझ्याकडे दोन डॉलर कमी पडत होते. डब्याखाली दोऱ्यानं बांधलेली वही होती, पेन्सिलीसकट. तिच्यात वर कुणीतरी "एक डझन, उद्या देतो" असं लिहून खाली दुसऱ्या दिवशी काट मारलेली. मीही लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चालत जाऊन दोन डॉलर टाकले, काट मारली. त्या काट मारण्याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

आर्ब्यूटसची झाडंही तिथे पहिल्यांदा पाहिली. समुद्राकडे झुकलेली, खोडाची साल कागदासारखी सुटून येते आणि आतून गुळगुळीत निघतं, थेट पेरूच्या खोडासारखं. फक्त रंग विटकरी. हात लावला की भर उन्हातही गार.

फोटो पाठवले तर ग्रुपवर सगळ्यांचं एकच पालुपद: "स्वर्ग गं!", "तिथली माणसंच चांगली." इथेच माझं पटत नाही, आणि ही पोस्ट त्यासाठीच लिहितेय. माणसं आपल्यासारखीच आहेत. भांडतात, उखाळ्यापाखाळ्या काढतात, पार्किंगवरून तर हमखास. तो निवांतपणा आभाळातून पडलेला नाही. तो कुणीतरी भांडून मिळवलाय, आणि रोज थोडी थोडी गैरसोय सोसून टिकवलाय.

पाण्याचंच घ्या. हिवाळाभर पाऊस, पण उन्हाळा कोरडा, आणि पाणी कुठून आणणार? तळी आणि विहिरी, बस. २०१४ मध्ये बेटाच्या उत्तर भागात नव्या नळजोडण्या देणं थांबवलं. मैत्रिणीच्या घरी विहीर आहे, तरी भाज्या धुतलेलं पाणी टोमॅटोंना जातं, आंघोळ पाच मिनिटांत उरकायची. बालपणी चाळीत आम्ही पहाटे चारला पिंप भरायचो, मला हे शिकवावं लागलं नाही.

जमिनीचंही तसंच. १९६० च्या दशकात शेजारच्या नॉर्थ पेंडर बेटावर सुमारे बाराशे प्लॉटची वसाहत पाडली गेली आणि सगळी बेटं धास्तावली. १९६९ मध्ये प्रांताच्या सरकारनं दहा एकरांहून लहान तुकडे पाडायला बंदी घातली. १९७४ मध्ये कायदा करून आयलंड्स ट्रस्ट उभा केला. ही बेटं जपायची आणि राखायची, हेच त्याचं काम. जमिनीचा वापर कसा व्हावा ते तो ठरवतो.

तरी १९९९ मध्ये एका कंपनीनं बेटाचा जवळजवळ दहावा हिस्सा, सुमारे पाच हजार एकर, विकत घेतला आणि झाडं पाडायला सुरुवात केली. लोक रस्त्यावर लाकडाच्या ट्रकांसमोर बसले. बायकांनी निर्वस्त्र फोटोंचं कॅलेंडर काढून पैसे उभे केले. अखेर त्यातली बरीचशी जमीन सार्वजनिक झाली, बर्गॉइन बेचं उद्यान त्यातूनच आलं. तिथल्या वाटेवर मैत्रिणीच्या हॉस्पिटलातल्या एक निवृत्त सिस्टर आमच्यासोबत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातात काठी. एका वळणावर थांबून म्हणाल्या, "इथे बसले होते मी. नाईट संपवून सरळ इथेच आले." मी त्या जागेकडे बघत राहिले. नुसती मातीची वाट, कडेला नेचे. नाईट करून आलेल्या बाईचे पाय कसे भरून येतात ते मला माहीत आहे, म्हणून त्यांचं ते एक वाक्य मला कुठल्याही भाषणापेक्षा मोठं वाटलं.

पण याची किंमत कोण मोजतं, हेही सांगायला हवं. घरं बांधायला मर्यादा, त्यात बाहेरच्या पैसेवाल्यांनी सुट्टीची घरं घेतलेली. मग बेट ज्यांच्या हातांवर चालतं त्यांनी राहायचं कुठे? मैत्रिणीच्या वॉर्डात सफाईचं काम करणारा मुलगा बंदरात एका जुन्या बोटीवर राहतो. हौस म्हणून नाही, भाडं परवडत नाही म्हणून. एका नर्सनं चार महिने व्हॅनमध्ये काढले आणि शेवटी नोकरी सोडली. झाडं वाचवणाऱ्यांनी हीही लढाई तितक्याच जोरानं लढायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. रुग्णाला रात्री दोन वाजता कोण बघणार?

या बाबतीत एक गोष्ट ऐकली आणि विसरता येत नाही. १९४२ मध्ये युद्धाच्या नावाखाली कॅनडा सरकारनं किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सगळ्या कुटुंबांना उचलून किनाऱ्यापासून लांब, देशाच्या आतल्या भागात नेलं. सॉल्ट स्प्रिंगवरचीही गेली. मागे त्यांच्या जमिनी विकून टाकल्या. बेटावर परत आलं ते एकच कुटुंब, मुराकामी, तेही १९५४ मध्ये. स्वतःचं शेत दुसऱ्याच्या नावावर झालेलं, म्हणून झाडझाडोरा माजलेली दुसरी जमीन घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आणि त्याच घरातल्या भावंडांनी पुढे आपली जागा कमी भाड्याच्या घरांसाठी देऊन टाकली. मुराकामी गार्डन्स म्हणतात तिला. मी बाहेरून पाहून आले. गॅलरीत कुणाची तरी सायकल, एका खिडकीत बाळाचे कपडे. ज्यांचं घर गेलं त्यांनी घरं दिली. मला तिथे बोलवेना.

बेटावरच्या मुख्य गावाचं नाव गँजीस, म्हणजे आपली गंगा. पहिल्या दिवशी पाटी वाचून मला वाटलं, कुणा इंग्रजाला आठवली असेल काशी. तसं नाही. १८५० च्या दशकाच्या शेवटी इंग्रजांच्या पॅसिफिक आरमाराची मुख्य नौका होती 'गँजीस', चौऱ्याऐंशी तोफांची. तिच्यावरून बंदराला नाव पडलं आणि तिच्या कप्तानावरून फुलफर्डला. तिच्यावरच्या अ‍ॅडमिरल बेन्सबद्दल मला आदर वाटला. १८५९ मध्ये जवळच्या सान वान बेटावर एका डुकराला गोळी घातल्यावरून इंग्रज आणि अमेरिकन सैन्य समोरासमोर आलं, तेव्हा गव्हर्नर सांगत असूनही यानं सैनिक उतरवायला नकार दिला.

आणि ही नौका बांधली कुठे? मुंबईत. १८२१ मध्ये, वाडियांच्या देखरेखीखाली, बॉम्बे डॉकयार्डात. माझे बाबा तिथेच फिटर होते. लायन गेटमधून आत, पस्तीस वर्षं.

शनिवारी सकाळी बाजार मांडला जात होता. स्वतः पिकवलेलं, भाजलेलं किंवा हातानं केलेलंच विकायचं, बाहेरून आणलेला माल चालत नाही, असा तिथला नियम. मैत्रीण जॅमच्या बाटल्या बघत होती. मी धक्क्यावर जाऊन बाबांना व्हिडिओ कॉल लावला. इकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले, बाबा जेवून खाटेवर टेकलेले. सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "लाकूड?"

"साग, बाबा."

"मग बरोबर. साग पाण्याला दाद देत नाही." चष्मा पुसला, पुन्हा लावला. "आता काय उभं आहे तिथे? दाखव."

मी फोन पाण्याकडे वळवला. पांढऱ्या शिडाच्या होड्या, मासेमारीच्या बोटी, आणि जरा लांब एक जुनी बोट, तिच्या दोरीवर टॉवेल आणि दोन शर्ट वाळत घातलेले.

"त्याच्यात कोणी राहतंय वाटतं."

"हो. हॉस्पिटलात कामाला आहे."

"त्याला सांग," बाबा म्हणाले, "थंडीच्या आधी बोट वर काढून तळ बघून घे म्हणावं. शिवण सुटली असली तर वरून कळत नाही."