हजेरीच्या सक्तीमागचा हेतू

परस्पर सहकार्य वाढावे म्हणून कंपन्या घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलावतात, हे लेखातील म्हणणे मला पटत नाही. अ‍ॅमेझॉनने सप्टेंबर २०२४ मध्ये आठवड्यातून पाच दिवस हजेरी जाहीर करताना असेच कारण दिले होते आणि हा नोकरकपातीचा डाव नाही, असा खुलासा पुढे कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी अँडी जस्सी यांना करावा लागला. अशी शंका का येते, हे लातूर किंवा अंबाजोगाईत राहून पुण्याच्या कंपनीचे काम करणाऱ्यांना विचारावे. आमच्या टीममधील बरेच सहकारी बंगळुरूत असल्यामुळे पुण्यात हिंजवडीच्या कार्यालयात बसूनही बैठका पडद्यावरच होणार आहेत. मग वृद्ध आई-वडिलांना गावी ठेवून, मुलांची शाळा बदलून आणि पगाराचा मोठा हिस्सा घरभाड्यात घालून तिथे कशासाठी जायचे, याचे उत्तर मनुष्यबळ (एचआर) विभाग देत नाही. ज्याला स्थलांतर जमत नाही तो स्वतःच राजीनामा देतो, कंपनीची कपातीपोटी द्यावी लागणारी नुकसानभरपाई वाचते आणि नोकरीची ५ वर्षे पूर्ण झालेली नसतील तर सहसा ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) द्यावी लागत नाही. नव्याने रुजू झालेल्यांना कार्यालयात अधिक शिकायला मिळते, हे मान्य आहे. परंतु माणसे कमी करायची असतील, तर कंपनीने तसे लेखी कळवावे आणि कायद्याने ठरलेली देणी चुकती करावीत.