भांडेवाडीचा कचरा आणि फुकट विजेचा हिशेब

शहराचा सगळा कचरा वेगळा न करता भट्टीत घालावा, वीज फुकट मिळेल आणि भांडेवाडीचा कचराडेपो रिकामा होईल, स्वीडन तर यासाठी कचरा आयात करतो, असा मजकूर नागपुरात मोबाइलवर फिरतो आहे. भांडेवाडीच्या आगींचा धूर सोसणाऱ्यांना तो पटला तर त्यांना दोष देता येणार नाही, पण तो खरा नाही.

सगळा कचरा इंधन नसतो. आपल्या मिसळ कचऱ्यात भाजीचा पाला, शिळे अन्न आणि हंगामात संत्र्यांच्या सालींचे ढीग असतात, त्यामुळे त्याच्या वजनात पाण्याचा वाटा निम्म्याच्या आसपास जातो. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 600 किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती त्याच कचऱ्यातील कागद-प्लास्टिकच्या ज्वलनातून वजा होते. दिल्लीत तिमारपूरला 1980 च्या दशकात रोज 300 टन कचरा जाळून 3.75 मेगावॉट वीज देणारा प्रकल्प उभारला गेला, तो अपेक्षित उष्मांकाचा, म्हणजे जळून पुरेशी उष्णता देणारा, कचराच न मिळाल्याने थोड्याच दिवसांत बंद पडला. म्हणूनच 2016 च्या घनकचरा नियमांनी किलोमागे 1,500 किलोकॅलरी किंवा अधिक उष्मांकाचा आणि पुनर्वापर न होणारा कचराच ऊर्जेकडे वळवण्यास सांगितले.

स्वीडन कचरा आयात करतो हे खरे, पण तिथे अशा भट्ट्यांची बरीचशी उष्णता नळांतून घरे तापवायला जाते. नागपुरात त्या उष्णतेला असे गिऱ्हाईक नाही.

भांडेवाडीही रिकामी होणार नाही, कारण राख उरतेच, आणि आपल्या कचऱ्यात झाडलोटीची माती मिसळलेली असल्याने ती अधिक उरते. शिवाय पीव्हीसी हे क्लोरीन असलेले प्लास्टिक जळताना हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डायॉक्सिन ही विषारी संयुगे तयार होऊ शकतात; त्यांना रोखणारी धूरशुद्धीकरण यंत्रणा महाग असते, आणि मला वाटते, खर्च कापताना पहिली कात्री तिलाच लागते.

कचऱ्यापासूनच्या इंधनाला, म्हणजे आरडीएफला, माझा विरोध नाही. कबाडीवाला घेत नाही अशी वेष्टने, चिंध्या, रबर वेगळे काढून, सुकवून, बारीक करून चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट भट्ट्यांना द्यावे. तिथे भट्टीतील माल सुमारे 1,450 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि राख क्लिंकरमध्येच, म्हणजे ज्याची पूड करून सिमेंट बनते त्या खड्यांतच, मिसळून जाते. मात्र जास्त क्लोरीन भट्टीला चालत नाही, म्हणून पीव्हीसी आधीच निवडून बाजूला काढावे लागते, आणि ही निवड घरच्या दोन डब्यांपासून सुरू होते. ओला कचरा बायोगॅसला द्यावा. जाळताना नडणारे पाणी तिथे जिवाणूंना हवेच असते.