नदीकाठची पांढरी माती वावरात टाकण्याआधी

काटोल-नरखेडपासून कळमेश्वर-सावनेरपर्यंतच्या संत्रा बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. मला तो तीन वेगवेगळ्या गावांतून आला. त्याचा मतलब असा : नदीकाठी पुराच्या पट्ट्यात सापडणारी पांढुरकी, मऊ माती म्हणजे 'मार्ल', निसर्गाने फुकट दिलेलं कॅल्शियम. पुराचा गाळ आहे, तेव्हा सुपीक असणारच. लिंबू पिळून बघा, फेस आला की खजिना सापडला समजा. युरोप-अमेरिकेतले शेतकरी शेकडो वर्षं हेच करत आले, तुम्हीही एकरी वीस ट्रॉल्या टाका. पानं पिवळी पडली तर बुंध्याशी हिराकस (लोह सल्फेट) टाका. चुना जास्त झालाच, तर जिप्सम टाकलं की निघून जातो.

माझं रोजचं काम माती तपासणीचं आहे. एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका मी क्वचित पाहिल्या. आणि यातली मोठी चूक मागे घेता येत नाही. खत चुकलं तर पुढच्या हंगामात सुधारता येतं, वावरात मिसळलेला चुना उपसून काढता येत नाही.

आधी फेसाचं बोलू, कारण लोक त्यावरच भुलतात. खाप्याजवळ कन्हानच्या काठाला माझ्या मामांचं वावर आहे. मागच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा त्यांनी ओट्यावर स्टीलच्या ताटलीत ते पांढरं ढेकूळ ठेवलेलंच होतं. अर्धं लिंबू पिळलं, ढेकळावर बुडबुडे आले. मामा म्हणाले, "पाय बापू, कसा फसफसून राह्यला! आता कॅल्शियम इकत आनाची गरज नाई." मी उठलो, त्यांच्याच बागेतली काळी माती दोन फुटांखालून काढून आणली आणि उरलेलं लिंबू तिच्यावर पिळलं. फेस कमी होता, पण कान जवळ नेला तर चर्र असा आवाज स्पष्ट येत होता. मामा गप्प झाले. जे विकत आणायचं, ते आपल्या वावरात आधीच पडलेलं आहे, हे त्या आवाजाने सांगितलं.

फेस येतो तो कॅल्शियम कार्बोनेटवर आम्ल पडल्याने सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. त्यावरून चुना आहे एवढंच कळतं. तो तीन टक्के आहे की तीस, पिठासारखा बारीक आहे की खड्यांच्या रूपात, हे फेस सांगत नाही. आणि नेमकं तेच महत्त्वाचं आहे. चिंचोक्याएवढा टणक चुनखडा वर्षानुवर्षं मातीत पडून राहतो, मुळांना फारसा त्रास देत नाही. तोच चुना पिठासारखा झाला की प्रत्येक कणाभोवतीचं पाणी बायकार्बोनेटने भरून टाकतो. मार्लमधला चुना नेमका या दुसऱ्या जातीचा असतो. मार्ल म्हणजे चिकणमाती आणि चुना यांचं मिश्रण, त्यात चुना साधारण ३५ ते ६५ टक्के. आपल्या काळ्या जमिनीत चुना असतो, पण इतका नाही. म्हणून आपल्याकडची प्रत्येक पांढुरकी माती मार्ल नसते, आणि असली तर ती दुप्पट जपून हाताळायची गोष्ट आहे.

'पुराचा गाळ म्हणजे सुपीक' ही समजूत जुनी आहे आणि निम्मी खरी आहे. आपल्या भागातले जुने लोक जमिनीला काळी, मोरांड, खरडी, बरडी, कछार अशी नावं देत. कछार म्हणजे नदीकाठची, भाजीपाल्याला उत्तम. पण कछारातही थर वेगळे असतात. नदी वेगात असते तेव्हा रेती टाकते, पाणी पसरून थबकलं की बारीक गाळ बसतो. पुढे जमिनीखालचं पाणी उन्हाळ्यात केशाकर्षणाने वर चढतं, वाफ होऊन जातं आणि मागे चुना सोडतं. त्या पांढुरक्या थरातला बराचसा चुना पुराने आणलेला नसतो, पूर ओसरल्यावर वाळणाऱ्या मातीने जमवलेला असतो. ड्रीपच्या तोटीशी जमणारा पांढरा खर आठवा. विहिरीचं जड पाणी तिथे दोन-तीन वर्षांत जे करतं, तेच नदीकाठची जमीन शेकडो वर्षं करते.

खरा मार्ल पूरमैदानात कसा तयार होतो हे पाहायचं तर फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सकडे बघावं. तिथे वर्षातले काही महिने उथळ, चुनायुक्त गोडं पाणी साचून राहतं. त्यात वाढणारं शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि चुना साक्यासारखा खाली बसतो. अशा जमिनीवर तिथे भाजीपाला होतो, पण स्फुरद आणि लोहासाठी शेतकऱ्यांना सतत कसरत करावी लागते. ही माती बारीक असते, ओली असताना पाणी सावकाश सोडते, वाळली की वर पापुद्रा धरते. आपल्या भारी काळ्या जमिनीला निचऱ्याची अडचण आधीच आहे. तिच्यावर आणखी एक सावकाश निचऱ्याची माती टाकायची आणि पावसाळ्यात डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला, आमंत्रण द्यायचं, हा सल्ला संत्र्याला कोण देईल?

'सरकारच गाळ टाकायला सांगतं' असंही काही जण या संदेशाच्या जोडीला म्हणतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ पासून आली, ती तलाव-धरणांतल्या गाळाची. तो गाळ बरड, उथळ जमिनीवर टाकला तर पाणी धरून ठेवायला उपयोगी पडतो. पांढरा चुनखड थर उकरून काळ्या जमिनीवर टाकणं आणि ती योजना यांचा काही संबंध नाही. आणखी एक गल्लत इथे होते, ती शब्दामुळे. आपल्या बोलीत 'काळी' म्हणजे शेत आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण. ओसाड गावठाणाची पांढरी माती लोक पूर्वी खत म्हणून शेतात टाकत, आणि तिचा गुण यायचा, कारण तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, हाडं कुजलेली असत. रंग सारखा म्हणून नदीकाठच्या चुन्याला तोच मान देता येत नाही.

आता युरोपचा दाखला. हा संदेशातला सगळ्यात वजनदार वाटणारा मुद्दा आहे, आणि तो खोटा नाही. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या रेताड जमिनींवर अठराव्या शतकात मार्ल भरपूर टाकला गेला. अमेरिकेत व्हर्जिनियात एडमंड रफिन या जमीनदाराने १८१८ पासून थकलेल्या जमिनीवर मार्ल टाकून पिकं वाढवून दाखवली. पण त्या जमिनी आम्लधर्मी होत्या. सततच्या पावसाने त्यांतला चुना धुऊन गेलेला होता आणि मार्लने तो परत दिला. आपली काळी माती बसाल्टपासून झालेली, तिचा सामू (पीएच) बहुधा साडेसात ते साडेआठ. तिथल्या उपाशी माणसाला वाढलेलं ताट बघून इथे पोट भरलेल्याला कोंबायचं, असा हा प्रकार आहे. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीबद्दल कोणी हे बोललं असतं तर मी निदान ऐकून घेतलं असतं.

पिवळ्या पानांकडे येतो. संत्र्याची नवी पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता. पानं लहान, अरुंद, शिरांमधे ठिपकेदार पिवळी, तर जस्ताकडे बघायचं. जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर बहुधा नत्र. हे ओळखल्याशिवाय काही टाकू नये. आणि कमतरता लोहाची असली, तरी 'जमिनीत लोह नाही' हे निदान चुकतंच. आपल्या मातीत लोहाचे ढीग आहेत, ते विरघळत नाही एवढंच. सामू आठच्या आसपास आणि पाण्यात बायकार्बोनेट, मग लोह मुळाशी असून झाडाला मिळत नाही. त्यात हिराकस टाकला तर त्यातलं लोह थोड्या दिवसांत गंजासारखं होऊन पुन्हा अडकतं. ईडीटीए जातीचं चिलेटेड लोहही (लोह अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं) अशा सामूला टिकत नाही. ईडीडीएचए टिकतं, पण महाग आहे. म्हणून पालवीवर फवारणी हा हातातला उपाय, आणि त्याहून आधी निचरा. पावसाळ्यात बागेत पाणी तुंबलं की पिवळेपणा वाढतो, हे प्रत्येक बागायतदाराने पाहिलेलं असतं. माती गच्च झाली, हवा कोंडली की बायकार्बोनेट वाढतं. ती झाडाची लोहाची तक्रार असते, पण तिचं मूळ पाण्यात असतं. चर काढा, बुंध्यापासून पाणी लांब ठेवणारं दुहेरी आळं करा, मग बाटली उघडा.

युरियाचंही सांगून ठेवतो, कारण चुनखड जमिनीत त्याचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. वर पसरून ठेवलेला युरिया अशा जमिनीवर अमोनिया होऊन हवेत उडतो. मातीआड करा किंवा लगेच पाणी द्या.

जिप्समचा मुद्दा तर गणिताने मोडतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मातीच्या कणांवर सोडियम बसला असेल तर त्याला हटवायला ते चांगलं, चोपण जमिनीवर त्याचा उपयोग आहेच. पण चुना काढायला कॅल्शियमच टाकायचं, याला अर्थ नाही. चुना खरंच विरघळवायचा तर आम्ल लागतं, म्हणजे गंधक. आता संदेशातल्याच वीस ट्रॉल्या घ्या. ट्रॉलीला तीन टन धरले तर ६० टन माती, निम्मा चुना धरला तर ३० टन. एका एकरात वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये माती असते सुमारे ९०० टन, म्हणजे चुना एका दमात तीन टक्क्यांहून जास्त वाढला. एक टन गंधक जेमतेम तीन टन चुना संपवतं. म्हणजे तो परत काढायला एकरी साडेनऊ टन गंधक, ५० किलोच्या १९० गोण्या. कोण आणणार?

जमिनीत खाली चुना साठतो तेव्हा आणखी एक गोष्ट घडते, ती आपल्या नागपुरातच नीट मांडली गेली आहे. अमरावती रोडवरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोतले डॉ. डी. के. पाल आणि त्यांचे सहकारी यांनी काळ्या जमिनींवर दीर्घ काम केलं. कमी पावसाच्या भागात मातीत चुना जमत जातो तसा पाण्यातलं कॅल्शियम कमी होतं आणि कणांवर सोडियमचं प्रमाण वाढतं, मग खालचा निचरा मरतो. वर पांढरं मीठ दिसत नाही, तरी जमीन आतून बिघडत असते.

याच संदेशाला उत्तर म्हणून काही जण उलट टोक गाठतात : 'चुनखड जमीन मेलेली, बाग काढून टाका.' हेही चूक आहे, आणि यामुळे कोणी उभी बाग तोडली तर मला त्याचं दुःख जास्त होईल. बिहारात बुढी गंडकच्या पूरमैदानात माती चुन्याने भरलेली आहे, काही ठिकाणी ३० टक्क्यांच्या वर. जस्त, बोरॉन, लोह सगळ्यांची ओढ. आणि मुजफ्फरपूरची शाही लिची याच पट्ट्यात पिकते. फ्रान्सचा अनुभव तर संत्र्याला थेट लागू पडतो. फिलॉक्सेरा किडीने द्राक्षबागा मेल्यावर तिथे अमेरिकी खुंटांवर, म्हणजे खालचं मूळ-बुंधा अमेरिकी वेलीचं ठेवून, कलमं केली, ती चुनखड भागात पिवळी पडली. तेव्हा पिएर वियाला यांना १८८७ साली अमेरिकेला पाठवलं आणि त्यांनी टेक्सासच्या चुनखड टेकड्यांवरची, चुना सोसणारी द्राक्षाची जात हेरली. चुना तिथेच राहिला, खुंट बदलला. आपल्याकडेही रंगपूर लिंबाचा खुंट चुना नि क्षार बऱ्यापैकी सोसतो, ट्रायफोलिएट हा तीन पानी जातीचा खुंट अजिबात सोसत नाही. नवी बाग लावताना रोपवाटिकेत 'खुंट कोणता?' हा प्रश्न उंचीच्या आधी विचारावा. उभ्या बागेचा खुंट बदलता येत नाही, तिथे निचरा, सेंद्रिय खत आणि वेळेवर फवारणी एवढंच हातात असतं, पण तेवढ्यावर बागा टिकतात.

तपासणीबद्दल एक नेमकी अडचण. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. मुक्त चुन्याचा रकाना त्यात नाही. म्हणून पत्रिका हातात असूनही चुना किती, हे शेतकऱ्याला कळलेलं नसतं. प्रयोगशाळेत तो वेगळा मागावा लागतो. आणि फळझाडासाठी वरची खरवडलेली मूठभर माती पुरत नाही. एक फूट, दोन फूट, तीन फूट, असे तीन नमुने वेगळे हवेत.

मामांच्या बागेत आम्ही त्याच दिवशी संध्याकाळी खड्डा घेतला. दीड फुटापर्यंत माती काळी, हाताला चिकट. त्याखाली रंग फिकट पिवळट झाला आणि चिंचोक्यापासून बोरापर्यंतचे चुनखडे लागायला लागले. संत्र्याची मुळं तिथपर्यंत सरळ खाली आली होती आणि त्या थराशी येऊन आडवी वळली होती. मामांनी एक मूळ बोटाने उचलून पाहिलं, बराच वेळ धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माती घेऊन येणारी पहिली ट्रॉली त्यांनी फाटकातूनच परत पाठवली. मी तीन पिशव्यांवर पेन्सिलने खोली लिहून त्या माझ्या गाडीत ठेवल्या.